बाईचं काम, पुरुषाचं काम : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण होती. बाईने असं वागावं, पुरुषाने तसं, हे अनेकांना पटत नाही, पण घरात ते बदलायचं कसं, तिथे गाडी अडते. मत बदललं तरी कामाची वाटणी, सातबाऱ्यावरची नावं आणि दवाखान्यातल्या सह्या जुन्याच राहतात. म्हणून पुढच्या उत्तरांत नेमकं काय करायचं यावर भर दिला आहे.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. नवरा सांगितलेलं काम करतो, कधी नाही म्हणत नाही. तरी रात्री दहा वाजता दमलेली मीच असते, आणि ‘मी मदत करतो ना’ हे त्याचं उत्तर असतं. माझी अपेक्षा चुकीची आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अपेक्षा अगदी रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. जे पुरुष काहीच करत नाहीत ते या ८८ मिनिटांच्या हिशेबात धरलेले नाहीत. म्हणजे तुमच्या नवऱ्यासारख्या, काम करणाऱ्या पुरुषांमध्येही एवढा फरक आहे.

तुमचा थकवा मात्र नुसत्या मिनिटांचा नाही. मुलाचा शाळेचा डबा घ्या. भरायला वीस मिनिटं लागतात, म्हणून ते वीस मिनिटांचं काम वाटतं. पण मटकीची उसळ द्यायची तर मटकी आठ तास भिजवून पुढे दहा-बारा तास बांधून ठेवावी लागते, म्हणजे विचार जवळजवळ एक दिवस आधी करावा लागतो. परवा भेंडी तशीच परत आली, कारण गार होऊन चिकट झाली होती. शुक्रवारी शाळेत कोरडा खाऊ द्यायचा असतो. डब्याच्या झाकणाची रबरी रिंग सैल झालीय आणि आमटी दप्तरात सांडतेय. हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. नवरा सकाळी उठून ‘काय भरू?’ विचारतो आणि तुम्ही सांगाल ते भरतो. हात त्याचे चालतात, पण ठरवणं आणि लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं. या दोन गोष्टींना सुट्टी नसते, म्हणून माणूस थकतो.

तेव्हा काम द्यायचं ते मुळापासून शेवटापर्यंत द्या. एखाद्या रविवारी दोघांनी वही घेऊन बसा आणि आठवड्यात घरात होणारं प्रत्येक काम लिहा. गॅसचा नंबर लावणं, पाण्याची टाकी, आईच्या बीपीच्या गोळ्या, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, कामवाल्या मावशींचा खाडा झाला तर पुढची सोय, लग्नकार्यात द्यायचा आहेर, काहीही सोडू नका. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा : हे कोण लक्षात ठेवतं आणि कोण करतं. पहिल्या रकान्यात बहुधा सगळीकडे तुमचंच नाव येईल. ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं महत्त्वाचं आहे. तुम्ही शंभरदा बोललात तरी जे पोचत नाही ते त्या रकान्यातून पोचतं.

मग सगळी वही एका दिवसात निम्मी करायला जाऊ नका. दोनच कामं पूर्ण त्याच्याकडे द्या, डबा आणि वाणसामान समजा, आणि सहा आठवडे त्यात बोलू नका. येत नाही म्हणाला तर एकदा शेजारी उभं राहून शिकवा. दोन वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवली की सात-आठ पोळ्या होतात. पोळी वातड झाली तर कणीक घट्ट भिजली होती किंवा तवा पुरेसा तापला नव्हता. भेंडी धुऊन कोरडी पुसल्याशिवाय चिरायची नाही, कढईवर झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी घालायचं. म्हणजे ती चिकट होत नाही. एवढ्यावर डबा निभतो. यात बाईच्या हातालाच जमावं असं काही नाही.

बिघडतं ते पुढे. पहिल्या पंधरवड्यात कधी डबा उशिरा होईल, कधी दोन दिवस बटाटाच जाईल. तेव्हा तुम्ही ‘जाऊ दे, मीच करते’ म्हणालात की काम कायमचं परत आलं म्हणून समजा. औषधं, तान्ह्या बाळाचं दूध आणि गॅस-विजेचा धोका सोडून बाकी कुठल्याही चुकीने घर कोसळत नाही. दुसरी फट म्हणजे रविवारचं मटण. ते करून कौतुक मिळतं, म्हणून पुरुष ते आनंदाने करतात. त्यानंतरची भांडी, ओटा आणि मसाल्याचा रिकामा डबा भरून ठेवणंही त्याच कामात मोजा. तिसरी फट सणाची. गौरी-गणपतीला किंवा पाहुणे आले की नवरा बाहेरच्या खोलीत आणि बायको आत, ही जुनी मांडणी तासाभरात परत येते. म्हणून सणाची कामं आठ दिवस आधीच वहीत लिहून वाटून घ्या.

आणि सासूबाई ‘माझ्या मुलाला भांडी घासायला लावली’ म्हणाल्या तर उत्तर मुलाने द्यायचं. सुनेने तोंड उघडलं की ते भांडण होतं. मुलाने ‘आई, हे माझं काम आहे’ म्हटलं आणि घासत राहिला की चार-सहा महिन्यांत विषय मावळतो. त्यांनी स्वतः आयुष्यभर कुणाच्या हातभाराशिवाय रांधलं-वाढलं आहे. त्यांच्या बोलण्यात ते दुःखही असतं, हे विसरू नये.

प्रश्न : आम्हाला दोन मुलं आहेत, आता ऑपरेशन करायचं आहे. माझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची झाली. यांनी नसबंदी करून घ्यावी असं आशाताई म्हणाल्या, पण यांचं ट्रक चालवण्याचं आणि माल चढवण्याचं काम आहे. पुरुषाचं ऑपरेशन केलं की ताकद जाते असं सगळे सांगतात. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : ताकद जात नाही. कशी जात नाही ते यांनाच वाचून दाखवा.

पुरुषत्वाचं जे संप्रेरक आहे ते अंडकोषात तयार होऊन थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत कापली जाते ती शुक्राणू वाहून नेणारी बारीक नळी. संप्रेरकाचा त्या नळीशी संबंध नाही, त्यामुळे आवाज, दाढी, स्नायू, इच्छा, ताठरता, सगळं पूर्वीसारखंच राहतं. वीर्यही येतं. त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो, बाकीचा द्रव वरच्या ग्रंथींतून येतो. म्हणून फरक डोळ्यांना दिसतही नाही.

हल्ली बिनटाक्याची पद्धत वापरतात. तेवढीच जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात आणि अंडकोषाच्या पिशवीच्या कातडीला एक छोटं छिद्र करून दोन्ही बाजूंच्या नळ्या बाहेर काढून कापतात आणि बांधतात. दहा ते वीस मिनिटांचं काम. पूर्ण भूल नाही, टाका नाही, अर्ध्या-एक तासाने घरी. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं किंवा दुर्बिणीने आत जावं लागतं. दोन सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटात आतडं किंवा मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, त्यामुळे तिथे जोखीम वाढते. तुमच्या घरापुरतं बोलायचं तर यांनी करून घेणं हेच वैद्यकीयदृष्ट्या शहाणपणाचं आहे.

दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि घट्ट बसणारी अंतर्वस्त्रं. पट्टी भिजू द्यायची नाही. हलकं काम दोन दिवसांनी सुरू करता येतं, पण माल चढवणं, सायकल, खड्ड्यांतून लांबचा ट्रक हे सात दिवस नको. ‘ऑपरेशनने कंबर गेली’ अशा तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच असतं : तिसऱ्याच दिवशी पोती उचलली, आत रक्त साकळलं, सूज आली. थोडी सूज आणि निळसरपणा आठवडाभरात जातो. ताप आला, दुखणं वाढत गेलं, रक्त थांबेना किंवा सूज फुगत चालली तर त्याच दिवशी दवाखान्यात परत जायचं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. नसबंदी त्या दिवसापासून लागू होत नाही. नळीत पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं आणि शुक्राणू नाहीत असा अहवाल आल्यावरच निरोध बंद करायचा. ही तपासणी टाळली जाते, मग बायकोला दिवस जातात आणि संशय तिच्यावर घेतला जातो. अशाने घरं मोडतात. तपासणीची तारीख ऑपरेशनच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सरकारी नियमाप्रमाणे जोडप्याला निदान एक मूल असावं आणि ते वर्षाच्या वरचं असावं. नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, पण यशाची खात्री नसते. म्हणून पुढे मूल नको हे दोघांचं पक्कं झालं असेल तरच करा. मोबदला किती मिळतो ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, रक्कम वेळोवेळी बदलते.

भीती एवढी खोल का, याला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या आणि त्यांत पुष्कळ ठिकाणी जबरदस्ती झाली. त्यानंतर सगळा भार बायकांवर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के होतं. सोपं ऑपरेशन बाजूला आणि अवघड ऑपरेशन घरोघर, ही स्थिती आम्हाला अन्यायाची वाटते.

प्रश्न : वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. भाऊ म्हणतात, ‘बहिणीने हक्क सोडायचा असतो, आम्ही माहेरपण करू.’ तेराव्यालाच कागद आणला होता, मी सही केली नाही. तेव्हापासून वहिनी बोलत नाहीत. मी लोभी ठरले का? (एक वाचक, कराड)

उत्तर : सही केली नाहीत हे उत्तम केलंत. बहीण चांगली असेल तर ती मागणार नाही, ही अपेक्षा फक्त बहिणीकडूनच केली जाते. भावाने आपला वाटा घेतला तर त्याला कुणी लोभी म्हणत नाही.

वडिलांची मिळकत स्वतःच्या कमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई आणि तिन्ही मुलं समान वारस. चार वाटे, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. आजी हयात असेल तर तीही वारस, मग पाच वाटे. मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा आणि जरा गुंतागुंतीचा होतो, तो वकिलाकडून मांडून घ्या; पण त्यातही मुलगी जन्माने मुलाइतकीच वाटेकरी आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्येच केली होती, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लग्न झालेल्या मुलींनाही हा हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला : तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं वाटप मात्र उकरून काढता येत नाही. (मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना वेगळे कायदे लागू होतात.)

आता कामाचं. गावच्या जमिनीचा सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) काढा. घर शहरात असेल तर नगर भूमापनाकडून मिळकत पत्रिका. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी भावांना विचारावं लागत नाही. मग तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसनोंदीचा अर्ज. त्यात आई, दोन्ही भाऊ आणि तुम्ही, चारही नावं आहेत ना ते स्वतः वाचा. फेरफार धरल्यावर नोटीस येते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. लग्न झालेल्या मुलीचं नाव कधी मुद्दाम, कधी गृहीत धरून गाळलं जातं. ते पंधरा दिवस गेले की पुढे अपील करत बसावं लागतं. गाळलं गेलंच तरी हक्क बुडत नाही, कारण फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. पण निस्तरायला वर्षं जातात.

‘फक्त वारसनोंदीसाठी सही हवी’ म्हणून पुढे केलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. त्यात ‘हक्कसोड’, ‘संमती’, ‘माझा कोणताही हक्क राहिला नाही’ असे शब्द शोधा. कोऱ्या मुद्रांकावर तर कधीच नको. खरं हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केल्याशिवाय फिरवता येत नाही. काहींना वाटतं की हक्क सोडला तर तो आईला मिळेल. तो सगळ्या सहहिस्सेदारांकडे जातो. आईची सोय व्हावी ही इच्छा असेल तर नुसतं हक्कसोड करू नका. तसा वेगळा दस्त वकिलाकडून करून घ्या.

भावांशी बोलताना कोर्टाचं नाव आधी काढू नका. ‘नोंद चौघांची होऊ दे, वाटपाचं वर्षश्राद्धानंतर बसून ठरवू’ हे वाक्य पुरतं. नाव लागलं की घाई उरत नाही. पुढे तुम्ही हिस्सा ठेवू शकता, भावांना मोबदला घेऊन देऊ शकता, किंवा मनापासून वाटलं तर सोडूही शकता. फुकट सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्नाची अट नसते, हेल्पलाइन १५१००.

माहेर तुटण्याची भीती आम्ही हलकी मानत नाही. पण मुलींना काही न देता सासरी लावलं जातं आणि पुढे सासरच्या छळातून परतायला त्यांच्या नावावर चार भिंतीही नसतात, हेही आपण पाहत आलो आहोत. जाता जाता एक : शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. पुढे १९९२ मध्ये सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सरकारी सोयही झाली. तुमच्या स्वतःच्या सासरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, तेही या निमित्ताने बघा.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला कथक शिकायचंय. त्याचे काका ‘बायल्या होईल’ म्हणतात. पाठवावं का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : पाठवा, आणि याच महिन्यात. नाचाने कुणी काही होत नाही. शरीर तयार होतं, ताल पक्का होतो. लखनौ आणि जयपूर या कथकच्या मोठ्या घराण्यांची परंपरा पिढ्यान् पिढ्या पुरुष गुरूंनी वाहिली. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे तेव्हा त्यांची साडी नेसण्याची, दागिने घालण्याची ढब घरंदाज बायका उचलायच्या आणि अख्खा महाराष्ट्र त्यांच्यावर जीव टाकायचा.

क्लास बघताना गुरूंना दोन प्रश्न विचारा : मुलग्यांना शिकवलंय का, आणि त्यांना अंगसंचालन वेगळं शिकवता का. सुरुवात तत्कारापासून होते, तीनतालाच्या सोळा मात्रा पायांनी आणि तोंडाने. घुंगरू लगेच नसतात. काही महिन्यांनी, पाय स्पष्ट पडू लागले की बांधतात. सराव चपटा पाय आपटून होतो, म्हणून सिमेंटच्या कोब्यावर रोज तासभर केल्यास नडगी आणि गुडघे दुखतात. लाकडी फळ्यांची जमीन उत्तम. घरी वीस-पंचवीस मिनिटं पुरे. दुखणं आठवड्यापेक्षा जास्त टिकलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. कपडे म्हणजे सुती कुडता-पायजमा, बस.

काकांचं बोलणं मुलासमोरच थांबवा. मागाहून समजूत घालून उपयोग नाही, कारण मुलगा त्या क्षणी तुमच्याकडे बघत असतो. ‘त्याला येतंय आणि आवडतंय, यावर घरात चेष्टा नको’ एवढंच, आवाज न चढवता. शाळेत चिडवणं सुरू झालं तर ‘दुर्लक्ष कर’ सांगू नका, त्याने मूल एकटं पडतं. वर्गशिक्षकांना तारीख-वार आणि नेमके शब्द लिहून द्या.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी यांची नोकरी गेली. सासू-सासऱ्यांना सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन आठला निघतात आणि संध्याकाळी येतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, पण बोलत नाहीत. चिडतात, रात्री जागतात, रोज पितात. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने आम्ही सावध झालो, म्हणून तिथून सुरू करतो. पुरुषांमधलं नैराश्य रडण्यातून क्वचित दिसतं. चिडचिड, झोप उडणं, दारू, पाठ-पोट दुखण्याच्या तक्रारी असं ते बाहेर येतं, आणि ‘स्वभावच तापट झालाय’ म्हणून सोडून दिलं जातं. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत साधारण ७२ टक्के पुरुष होते. कमावता असेल तरच तो पुरुष, ही शिकवण जिवावर बेतते.

तुम्ही सरळ विचारायचं : ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले, किंवा ‘माझ्या नसण्याने तुमचं बरं होईल’ असं काही बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा फोन चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्हीही करू शकता.

असं काही नसलं तरी बोलणं लांबवू नका. समोरासमोर बसवून विचारलं की चौकशी झाल्यासारखं वाटतं. चालता चालता किंवा गाडीवर मागे बसून बोलणं सोपं जातं. सुरुवात भावनेने करण्यापेक्षा पैशाने करा, कारण लाज तिथे अडकलेली असते. पुढच्या तीन महिन्यांचा खर्च दोघांनी कागदावर मांडा : हप्ता, फी, वाणसामान, औषधं. हप्ता चुकायच्या आधी बँकेला लेखी अर्ज द्या, चुकल्यानंतर बोलणी अवघड होतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर बहुधा संपतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधी ते बघा. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, मागितली का विचारा.

सासऱ्यांना त्यांनी स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसावं. ‘पुरुषासारखा पुरुष असून’ हे शब्द कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. आणि रोजची दारू एकदम बंद करायला लावू नका : कित्येक महिने रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात थरथरणं, भास, प्रसंगी फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

प्रश्न : चुलतभाऊ अतिदक्षता विभागात आहे, आशा कमी आहे. वहिनी बत्तीस वर्षांची. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे मला होऊ द्यायचं नाही. कसं थांबवू? (एक वाचक, शिरूर)

उत्तर : आत्ताच तयारी करा, कारण हे सगळं पहिल्या दोन-तीन तासांत उरकलं जातं आणि तेव्हा कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. बहुधा घरातली किंवा भावकीतली वयस्कर बाईच पुढे होते. ती कोण असेल ते तुम्हाला माहीत असेल. तिला आधी एकटीला गाठून सांगा. मोठ्यांपैकी एका पुरुषाचा होकार मिळवा. त्या वेळी वहिनीच्या दोन्ही बाजूंना दोन बायका बसवा, हात हातात घेऊन, आणि त्यांना तिथून उठू देऊ नका. कुणी पुढे आलंच तर ‘तिला नंतर काय वाटेल ते ती ठरवेल’ म्हणा. पुढे तिला स्वतःला मंगळसूत्र काढावंसं वाटलं तर तोही तिचा निर्णय.

आधार हवा असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड दाखवा. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावातही ठराव होऊ शकतो. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, विषय तिथे मांडा. ठरावानंतर खरी कसोटी पहिल्या हळदी-कुंकवाला लागते. वहिनीला बोलावणं जातंय का, ओटी भरली जातेय का, तिकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : लग्नानंतर नाव बदललं नाही तर बँक, पासपोर्ट, मुलाचा दाखला यांत अडतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. नाव बदलण्याची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाने चालू राहतो, बँकेत आणि पॅनवर काही करावं लागत नाही. विवाह नोंदणीचा दाखला तेवढा काढून ठेवा; विमा, व्हिसा, वारसा अशा ठिकाणी नातं त्यानेच सिद्ध होतं. घोळ होतो तो अर्धवट बदलाने : आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पदवीवर तिसरंच. ठेवायचं तर सगळीकडे ठेवा, बदलायचं तर सगळीकडे बदला. मुलाच्या दाखल्याचं म्हणाल तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर या क्रमाने लागतात : मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. रुग्णालयातल्या जन्मनोंदीच्या अर्जात आईचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच लिहा. स्पेलिंगचा फरक राहिला तर शाळेच्या प्रवेशापर्यंत तो पुरतो.